सिंहांचे राखणदार : अंबोसेलीतील ‘लायन गार्डियन्स’ची वाटचाल

‘लायन गार्डियन्स’ ही दक्षिण केनियातील अंबोसेली परिसरात सिंहसंवर्धनाचे काम करणारी संस्था आहे. जानेवारी २००७ मध्ये म्बिरिकानीच्या सामूहिक कुरणात पाच मसाई तरुणांना मासिक वेतनावर नेमून तिच्या कामाला सुरुवात झाली. हे तरुण ‘मोरान’ होते, म्हणजे मसाई समाजातील लढवय्यांच्या वयोगटातले. सिंह मारण्यात ज्या वयोगटाची मोठ्यात मोठी प्रतिष्ठा होती, त्याच वयोगटाकडे सिंहाची राखण सोपवावी, हा संस्थेचा मूळ विचार. आज हे काम दोन दशकांच्या उंबरठ्यावर आहे. त्यामागे संशोधक आहेत, मसाई वडीलधारी मंडळी आहेत आणि रोज सकाळी पायी माग काढायला निघणारे राखणदार आहेत. या सर्वांनी मिळून उभ्या केलेल्या कामाचा हा कालानुक्रमे आढावा.

मुलूख, माणसे आणि सिंह : २००० पूर्वी

अंबोसेली हा किलिमांजारो पर्वताच्या उत्तर पायथ्याचा, केनिया-टांझानिया सीमेलगतचा कोरडा मुलूख. ५,८९५ मीटर उंचीचा हा पर्वत सीमेपलीकडे टांझानियात आहे. पण त्याच्या उतारांवर पडलेले पाणी जमिनीखालून झिरपत येऊन अंबोसेलीच्या दलदलींत वर येते. हत्ती, रानम्हशी, झेब्रे, विल्डेबीस्ट आणि मसाईंची गुरे ही सगळी कोरड्या दिवसांत याच पाण्यावर जगतात. पूर्वेकडे च्युलू टेकड्या आणि त्यापलीकडे त्सावोचे विस्तीर्ण अरण्य आहे.

अंबोसेलीला १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र ३९२ चौरस किलोमीटर आहे. सिंहासारख्या प्राण्याला एवढी जागा अपुरी पडते. उद्यानाला कुंपण नाही. पाऊस पडून रानोमाळ गवत उगवले की तृणभक्षी प्राणी उद्यानाबाहेर पसरतात आणि त्यांच्या मागोमाग सिंहही बाहेर पडतात. बाहेरची जमीन मसाईंची आहे. केनियाच्या १९६८ च्या कायद्यानुसार तेथे ‘ग्रुप रँच’ म्हणजे सामूहिक मालकीची कुरणे स्थापन झाली. म्बिरिकानी, एसेलेंकेई, ओलगुलुलुई, किमाना, कुकू ही त्यांतली काही. वन्यप्राणी आणि गुरे एकाच गवतावर चरतात, एकाच पाणवठ्यावर येतात. अंबोसेलीच्या सिंहांचे भवितव्य त्यामुळे उद्यानाच्या हद्दीपेक्षा या कुरणांवर अधिक ठरते.

मसाई समाजात गुरे हेच धन आणि गुरे हीच पत. लग्न, सणवार, नातेसंबंध, दंड, देणेघेणे हे सारे गुरांच्या भाषेत चालते. समाजाची रचना वयोगटांवर उभी आहे. सुंता झाल्यावर मुलगा मोरान होतो. पुढची काही वर्षे वस्तीचे आणि कळपांचे रक्षण ही त्याची जबाबदारी असते. ‘एउनोतो’ या विधीनंतर मोरानपण सरते आणि तो हळूहळू वडीलधाऱ्यांच्या पंगतीला बसतो. मसाई पुरुषांचे हे संक्रमणविधी २०१८ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपण्याजोग्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले गेले.

मोरानांची सिंहाची शिकार ‘ओलामायो’ या नावाने ओळखली जाते. ज्याचा भाला सिंहाला लागला, त्याला नवे नाव मिळे, वस्तीवस्तीत त्याची गाणी होत आणि पुढे आयुष्यभर लोक त्याला त्या नावाने ओळखत. गुराढोरांचा शत्रू मारणारा म्हणून हा मान होता. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली. मसाईंची सिंहशिकारही बेकायदा ठरली, पण तिच्यामागची भावना कायद्याने पुसली गेली नाही. त्याच काळात माणसांची संख्या वाढली, चराऊ रान अपुरे पडू लागले आणि सिंहाच्या तोंडी जनावर गेल्याचा राग अधिक तीव्र झाला. भाल्याच्या जोडीला आणखी घातक साधन आले ते विषाचे. शेतीच्या दुकानात मिळणारे कार्बोफ्युरान हे कीटकनाशक मेलेल्या गाईच्या मांसावर टाकले की त्या एका धडावर सिंह, तरस आणि गिधाडे यांचा एकत्रच बळी जाई.

पायाभरणी : २००० ते २००६

एकविसावे शतक उजाडले तेव्हा मसाई मुलखातील सिंहांची स्थिती चिंताजनक झाली होती. २००१ पासून पुढच्या काही वर्षांत दक्षिण केनियाच्या मसाई भागात शंभराहून अधिक सिंह मारले गेल्याची नोंद संशोधकांनी केली. एका लहान प्रदेशातील सिंहांना ही हानी सोसणे अशक्य होते.

यावर पहिला संघटित उपाय म्बिरिकानीत झाला. रिचर्ड बोनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या न्यासाने २००३ मध्ये तेथील लोकांशी करार करून नुकसानभरपाईची योजना सुरू केली. हिंस्र प्राण्याने जनावर मारले की तपासनीस जागेवर जाऊन खात्री करत आणि जनावराच्या किमतीचा ठरलेला हिस्सा मालकाला मिळे. राखणीत हलगर्जी झाली असेल तर रक्कम कमी होई आणि सिंह मारला गेला तर दंड भरावा लागे. या योजनेमुळे सिंहांच्या हत्या बऱ्याच कमी झाल्या. तरीही त्या पूर्ण थांबल्या नाहीत. भरपाई मिळत होती ती कुटुंबप्रमुखाला. भाला होता तो मोरानाच्या हातात. ज्याला सिंह मारून नाव कमवायचे होते, त्याच्या हाती या योजनेतून काहीच पडत नव्हते.

ही उणीव अभ्यासातून पुढे आली. लॉरेन्स फ्रँक यांच्या ‘लिव्हिंग विथ लायन्स’ या प्रकल्पाखाली लीला हज्जाह या तरुण संशोधिका मसाई मुलखात आल्या. त्यांचे घराणे मूळचे इजिप्तचे. वडिलांच्या तोंडून सिंहांच्या डरकाळ्यांच्या गोष्टी ऐकत त्या वाढल्या. मात्र इजिप्तमधून सिंह कधीच नामशेष झाला आहे, हे त्यांना पुढे कळले. मसाई सिंह का मारतात, हा त्यांच्या अभ्यासाचा प्रश्न होता. उत्तर शोधण्यासाठी त्या मसाई वस्तीत राहिल्या आणि मोरान, स्त्रिया व वडीलधारी माणसे यांच्याशी दीर्घकाळ बोलल्या. या अभ्यासावर आधारित शोधनिबंध त्यांनी सहलेखकांसह २००९ मध्ये प्रसिद्ध केला.

या अभ्यासातून कारणांची गुंफण स्पष्ट झाली. गुरे गेल्याचा सूड हे एक कारण. मोरानांची कीर्तीची ओढ हे दुसरे. तिसरे कारण अधिक खोल होते. उद्यानाचे उत्पन्न आणि वन्यप्राण्यांविषयीचे निर्णय दूर कुठेतरी होतात, नुकसान मात्र आपल्या दारात येते, ही लोकांच्या मनातली जुनी सल होती. सिंह मारणे हा ती सल बोलून दाखवण्याचाही मार्ग झाला होता. याच मुक्कामात मोरानांच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट उमगली. सिंहाची चाल, त्याच्या पाऊलखुणा, त्याच्या विश्रांतीच्या जागा यांचे जे ज्ञान या तरुणांकडे होते, ते कोणत्याही संशोधन केंद्रात नव्हते. ते वापरण्याचे आमंत्रण त्यांना तोवर कोणी दिले नव्हते.

पहिली पावले : २००७ ते २००९

लीला हज्जाह आणि सिंहांच्या अभ्यासक स्टेफनी डोलरेन्री यांनी मसाई सहकाऱ्यांच्या साथीने ‘लायन गार्डियन्स’ची स्थापना केली. ‘लिव्हिंग विथ लायन्स’ आणि म्बिरिकानीतील न्यास यांचे पाठबळ मिळाले. जानेवारी २००७ मध्ये पहिल्या पाच राखणदारांनी काम हाती घेतले.

निवडीची रीत सुरुवातीपासून विचारपूर्वक ठेवली गेली. राखणदार त्याच मुलखातला हवा, वडीलधाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास हवा आणि समवयस्कांत त्याच्या शब्दाला वजन हवे. ज्यांनी पूर्वी सिंह मारले होते, अशांनाही मुद्दाम घेतले गेले. ज्याने स्वतः सिंह मारून नाव मिळवले आहे त्याने ‘शिकार थांबवा’ म्हटले तर मोरान ऐकून घेतात. हेच कोणी परका सांगू लागला तर ऐकत नाहीत. मोरानांच्या जगातली पत हेच या कामाचे भांडवल होते.

निवडलेल्यांपैकी बहुतेकांनी शाळा पाहिली नव्हती. संस्थेने त्यांना अक्षरओळख करून दिली, आकडे शिकवले, नोंदीचे तक्ते भरायला शिकवले. जीपीएस यंत्रावर जागेचे अक्षांश-रेखांश कसे टिपावेत आणि रेडिओ कॉलर लावलेल्या सिंहाचा संकेत अँटेना फिरवून कसा पकडावा, याचे शिक्षण प्रत्यक्ष रानात झाले. आपल्या हाताने आपले नाव लिहिता येणे ही अनेकांच्या आयुष्यातली मोठी घटना ठरली. दरमहा येणाऱ्या वेतनातून घरखर्च भागू लागला आणि गुरेही घेता येऊ लागली. मसाई समाजात गुरे वाढणे म्हणजे मान वाढणे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

प्रत्येक राखणदाराला सुमारे १०० चौरस किलोमीटरचा पट्टा नेमून दिला जातो. तो बहुधा त्याच्या स्वतःच्या वस्तीभोवतीचाच असतो. सकाळी निघायचे, धुळीतले ठसे वाचायचे, सिंह किती, कोणत्या दिशेने गेले, ठसे ताजे की शिळे, हे ठरवायचे आणि नोंद करायची. मग आसपासच्या गुराख्यांना सांगायचे : आज अमुक ओढ्याकडे गुरे नेऊ नका, तेथे सिंहीण पिलांसह आहे. गुराखी वाट बदलतो आणि त्या दिवसाची टक्कर टळते.

कामाचा याहून मोठा भाग गुरांशी निगडित आहे. अभ्यासातून एक साखळी स्पष्ट झाली होती. संध्याकाळी कळप परतताना एखादी गाय मागे राहते, रात्र रानात काढते आणि सिंहाला सापडते. सकाळी अर्धवट खाल्लेले धड दिसते, वस्तीत राग उसळतो आणि मोरान भाले घेऊन निघतात. ही साखळी पहिल्याच कडीशी तोडायची तर चुकलेले जनावर रात्रीपूर्वी शोधून आणले पाहिजे. राखणदार हे काम करू लागले. कधी गुरांमागे गेलेली लहान मुलेही रानात वाट चुकतात. त्यांना शोधून सुखरूप घरी आणण्याचे कामही राखणदारांकडे आले. सिंहासाठी नेमलेला माणूस आपले मूल शोधून आणतो, आपली गाय परत आणतो, हे लोकांनी पाहिले तेव्हा संस्थेविषयीचा परकेपणा सरला.

तिसरे काम गोठ्यांचे. मसाई वस्तीत रात्री गुरे ‘बोमा’त, म्हणजे काटेरी झुडपांच्या कुंपणात कोंडतात. कुंपण विरळ झाले की आत हिंस्र प्राणी शिरतो किंवा बाहेरच्या वासाने गुरे बिथरून कुंपण मोडून बाहेर पडतात. असे दुबळे गोठे हेरून घरच्या माणसांबरोबर काट्यांचे नवे थर रचणे हे राखणदारांचे नित्याचे काम झाले.

चौथे काम सर्वांत अवघड : निघालेली शिकार थांबवणे. मोरानांची टोळी जमत असल्याचा निरोप आला की राखणदार तेथे पोहोचतात. धाकदपटशाचा तेथे उपयोग नसतो. समवयस्कांशी बोलून, वडीलधाऱ्यांना मध्ये घेऊन, गेलेल्या जनावराचे दुःख मान्य करून आणि सिंह मारल्याने वस्तीवर काय ओढवेल हे सांगून राग शांत केला जातो. कधी यात पूर्ण दिवस जातो.

या सर्व कामांना एका प्रथेने जोडले : सिंहांना मसाई नावे देण्याच्या. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. ती, कानांवरच्या खुणा आणि जखमांचे व्रण यांवरून सिंह ओळखता येतो. नवा सिंह ओळखला गेला की राखणदार त्याला नाव देतो, त्याची चाल, स्वभाव किंवा सापडल्याची जागा पाहून. पूर्वी सिंह मारल्यावर मोरानाला नाव मिळे. आता मोरान सिंहाला नाव देतो. नाव मिळालेल्या सिंहाची हकिगत घरोघर सांगितली जाते, त्याच्या पिलांची खबर विचारली जाते. त्यामुळे सिंह ‘सरकारचा प्राणी’ राहत नाही.

दशकाचा शेवट कठीण गेला. २००९ च्या भीषण दुष्काळात अंबोसेलीतील गुरे आणि विल्डेबीस्ट, झेब्रे यांसारखे प्राणी प्रचंड संख्येने मेले. नैसर्गिक भक्ष्य आटल्याने उरलेल्या गुरांवर सिंहांचे हल्ले वाढले. तरुण संस्थेची ही पहिली मोठी परीक्षा होती आणि लोकांशी जोडलेल्या नात्यानेच ती निभावली. त्याच वर्षी विषप्रयोगांची जगभर चर्चा झाल्यावर फ्युराडान या नावाने विकले जाणारे कार्बोफ्युरान उत्पादक कंपनीने केनियाच्या बाजारातून मागे घेतले. केनिया वन्यजीव सेवेच्या २००९ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २,००० सिंह उरले होते आणि दरवर्षी सरासरी १०० कमी होत होते. सिंह आणि ठिपकेवाला तरस यांच्या संवर्धनासाठीचे राष्ट्रीय धोरणही याच वर्षी आखले गेले.

विस्ताराचे दशक : २०१० ते २०१९

म्बिरिकानीतील अनुभव पाहून शेजारच्या कुरणांतून मागणी येऊ लागली. एसेलेंकेई, ओलगुलुलुई आणि इतर भागांत राखणदार नेमले गेले. पाचांची संख्या चाळिसांवर गेली आणि कामाखालचा मुलूख हजारो चौरस किलोमीटरचा झाला. राखणदारांतूनच काहीजण पुढे विभागीय समन्वयक झाले. नेमणुका, प्रशिक्षण आणि लोकांशी बोलणी यांची सूत्रे मसाई सहकाऱ्यांच्या हाती आली.

याच दशकात कामाचे मोजमाप झाले. ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकसानभरपाई योजना आणि ‘लायन गार्डियन्स’ या दोन्हींचा परिणाम शेजारच्या कुरणांशी ताडून पाहिला गेला. भरपाईमुळे सिंहांच्या हत्या ८७ ते ९१ टक्क्यांनी, तर राखणदारांच्या कामामुळे ९९ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत, हेही अनुभवाने पटले. २००४ ते २०१४ या काळात अभ्यासक्षेत्रातील सिंहांची घनता जवळपास तिपटीने वाढल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. राखणदारांनी पायी गोळा केलेल्या नोंदींवर तो उभा होता. अक्षरओळख नसलेल्या तरुणांनी शिकून टिपलेली माहिती शास्त्रीय कसोटीला उतरली, ही या दशकाची मोठी कमाई.

डोलरेन्री आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासाने सिंहांकडे व्यापक नजरेने पाहायला शिकवले. अंबोसेली, त्सावो, च्युलू आणि सीमेपलीकडचा टांझानिया येथील सिंह तरुण नरमाद्यांच्या स्थलांतरामुळे एकमेकांशी जोडलेले राहतात. हे स्थलांतर सामूहिक कुरणांतून होते. तेथे सिंह सुरक्षित नसेल तर प्रत्येक उद्यानातील सिंह बेटावर अडकल्यासारखे होतील. राखणदारांचे काम म्हणूनच दूरदूरच्या सिंहांना जोडणारा दुवा ठरते.

शेजारी संस्थांचे कामही या काळात बहरले. म्बिरिकानीतील न्यासाच्या कार्यातून २०१० मध्ये ‘बिग लाइफ फाउंडेशन’ उभे राहिले. ‘बॉर्न फ्री’ संस्थेने त्याच वर्षापासून तारेच्या जाळीचे आणि पुनर्वापरातील प्लॅस्टिकच्या खांबांचे मजबूत गोठे बांधून द्यायला सुरुवात केली. मोरानांच्या पराक्रमाला वेगळे मैदान मिळावे, हा विचार मसाई वडीलधाऱ्यांनी २००८ मध्ये बोलून दाखवला होता. ‘बिग लाइफ’च्या साहाय्याने त्यातून डिसेंबर २०१२ मध्ये ‘मसाई ऑलिंपिक्स’ साकारले. धावणे, भालाफेक, रुंगू या पारंपरिक सोट्याची फेक, उंच उडी अशा स्पर्धांत मोरान उतरले. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर शर्यत १ मिनिट ४०.९१ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकणारे मसाई धावपटू डेव्हिड रुडिशा या उपक्रमाशी जोडले गेले. राखणदारांच्या कामाला या स्पर्धांनी बळ दिले, कारण दोन्हींचा रोख एकच होता : मोरानाचे तेज कायम ठेवायचे आणि त्याला नवी वाट द्यायची.

अंबोसेलीची रीत इतरत्रही पोहोचली. टांझानियातील रुआहा परिसरात एमी डिकमन यांच्या प्रकल्पाने बाराबाइग समाजातील तरुणांबरोबर अशाच पद्धतीचे काम उभारले आणि त्यासाठी ‘लायन गार्डियन्स’चे मार्गदर्शन घेतले. न्गोरोंगोरो भागात ‘कोपेलायन’ संस्थेने स्थानिक मसाई तरुणांना ‘इलचोकुती’ म्हणून नेमले. झिंबाब्वेतील ह्वांगे उद्यानाभोवती ‘लाँग शील्ड’ नावाचे गावराखणदार आले. उत्तर केनियातील सांबुरू मुलखात शिवानी भल्ला यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘एवासो लायन्स’ने सांबुरू मोरानांना बरोबर घेऊन स्वतंत्रपणे याच दिशेने काम केले. प्रत्येक ठिकाणचा समाज वेगळा, सिंह मारण्याची कारणे वेगळी. म्हणून नवी जागा सुचवली गेली की आधी तेथील लोकरीत नीट अभ्यासायची, हा दंडक पाळला गेला.

२०१४ मध्ये लीला हज्जाह यांची सीएनएन वाहिनीच्या त्या वर्षीच्या दहा ‘हिरोज’मध्ये निवड झाली. हा सन्मान एका व्यक्तीच्या नावे असला तरी त्याचा वाटा अंबोसेलीच्या धुळीत रोज चालणाऱ्या प्रत्येक पावलाला जातो. दशकाच्या अखेरीस, २०१९ मध्ये, ओलगुलुलुई भागात ‘आयफॉ’ संस्थेच्या मदतीने ‘टीम लायनेस’ हे मसाई तरुणींचे वनरक्षक पथक उभे राहिले. संरक्षणाचे काम पुरुषांपुरतेच राहिलेले नाही, हे त्यातून ठळक झाले.

कसोटीचे दशक : २०२० पासून

२०२० मध्ये कोविडच्या साथीने केनियातील पर्यटन ठप्प झाले. उद्यान, लॉज आणि संवर्धनक्षेत्रांचे उत्पन्न आटले. अशा काळातही माग काढणे, गुरे शोधणे, गोठे दुरुस्त करणे ही कामे थांबवता येण्यासारखी नव्हती आणि ती चालू राहिली. देशपातळीवर सिंह व तरस यांच्यासाठी २०२० ते २०३० चा कृती आराखडा तयार झाला. २०२१ च्या राष्ट्रीय वन्यजीव गणनेत केनियात २,५८९ सिंहांची नोंद झाली. आफ्रिकेतील सिंह १९९३ ते २०१४ या काळात सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने दिला आहे. त्या पार्श्वभूमीवर केनियाच्या आकड्याचे मोल कळते.

दरम्यान पूर्व आफ्रिकेत २०२० च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे हुकले. अंबोसेलीत गुरे आणि वन्यप्राणी पुन्हा मोठ्या संख्येने मेले. दुष्काळ संपतानाचा काळ सिंह आणि माणूस दोघांनाही अधिक कठीण असतो. पाऊस पडून उरलेले वन्यप्राणी सशक्त होतात, पांगतात आणि सिंहाला सहज सापडत नाहीत. तेव्हा तो गोठ्यांकडे वळतो. दुसरीकडे, दुष्काळातून कशीबशी वाचवलेली शेवटची गाय किंवा शेळी गमावणे माणसाला सहन होत नाही.

मे २०२३ मध्ये हेच घडले. १० मे च्या रात्री ओलकेलुनियेत गावात शिरलेला ‘लूनकीतो’ हा १९ वर्षांचा नर सिंह मारला गेला. २००४ मध्ये जन्मलेला हा सिंह आफ्रिकेतील अतिवृद्ध सिंहांपैकी एक होता. रानातला नर सहसा इतका जगत नाही. आपला भाऊ ‘अंबोग्गा’ याच्यासह त्याने अनेक वर्षे आपला मुलूख राखला होता आणि संस्थेच्या जन्मापासूनच्या साऱ्या प्रवासाचा तो साक्षीदार होता. त्याच आठवड्यात म्बिरिकानी भागात शेळ्या मारल्या गेल्यानंतर सहा सिंहांना भाल्यांनी मारण्यात आले. आठवडाभरात मारल्या गेलेल्या सिंहांची संख्या दहावर गेली.

ही घटना संस्थेच्या इतिहासातील अत्यंत दुःखद पान आहे. त्यानंतर केनिया वन्यजीव सेवा, शासनाचे प्रतिनिधी, संवर्धन संस्था आणि मसाई वडीलधारी मंडळी यांच्या बैठका झाल्या. लोकांच्या नुकसानीकडे लवकर लक्ष कसे द्यावे आणि दुष्काळानंतरच्या महिन्यांत राखण कशी वाढवावी, यावर चर्चा झाली. या आठवड्याने सर्वांना एक धडा पक्का शिकवला. सिंह आणि गुराखी यांच्यातला समेट एकदा होऊन संपत नाही. तो प्रत्येक दुष्काळात, गुरे गमावलेल्या प्रत्येक रात्रीनंतर पुन्हा करावा लागतो.

जमिनीची बदलती मालकी हा या दशकाचा दुसरा मोठा विषय आहे. २०१६ च्या समुदाय भूमी कायद्याने १९६८ चा जुना कायदा मागे पडला आणि अंबोसेलीभोवतीच्या सामूहिक कुरणांची वैयक्तिक तुकड्यांत वाटणी होऊ लागली. मालकीचा कागद हाती येणे हा कुटुंबांचा हक्क आहे. पण तुकड्याभोवती कुंपण उभे राहिले तर हत्ती, झेब्रे, सिंह आणि मसाईंची स्वतःची गुरे यांच्याही वाटा बंद होतात. म्हणून शेजारच्या मालकांनी तुकडे एकत्र ठेवून चराईसाठी आणि वन्यप्राण्यांसाठी मोकळे राखावेत, यासाठी परिसरातील संस्था आणि जमीनमालक प्रयत्न करत आहेत. राखणदारांच्या नोंदींचा येथे नवा उपयोग होतो. सिंह कोणत्या वाटेने ये-जा करतात, हे त्या नकाशावर दाखवता येते.

आजचे काम

आज राखणदाराची दिनचर्या पहिल्या वर्षासारखीच आहे, साधने बदलली आहेत. मोबाइल फोनमुळे सिंहाची खबर काही मिनिटांत गुराख्यापर्यंत जाते. प्रत्येक ओळखलेल्या सिंहाची छायाचित्रांसह वंशावळ ठेवली जाते. दरवर्षी हजारो चुकलेली जनावरे शोधून मालकांच्या दावणीला बांधली जातात, शेकडो गोठे भक्कम केले जातात आणि निघालेल्या शिकारी वाटेतच थांबवल्या जातात. इतर देशांतील कार्यकर्ते अंबोसेलीत येऊन राखणदारांकडून काम शिकतात. एकेकाळी लिहिता-वाचता न येणारे तरुण आज इतरांचे शिक्षक झाले आहेत.

या कामाचे श्रेय वाटताना कोणालाही वगळता येत नाही. संस्थापकांनी प्रश्न विचारला आणि उत्तर मसाईंकडे शोधले. वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलांना या वाटेने जाऊ दिले. घरच्या स्त्रियांनी रात्रीच्या गोठ्यांची काळजी वाहिली आणि गुराखी मुलांनी पाऊलखुणांच्या खबरा आणल्या. देशोदेशीच्या देणगीदारांनी दरमहाचे वेतन चुकू दिले नाही, तर शेजारी संस्थांनी भरपाई, गोठे आणि वनरक्षक यांचा भार उचलला.

मसाई वयोगटाचा फेरा साधारण पंधरा वर्षांचा असतो. २००७ मध्ये मोरान असलेले पहिले राखणदार आता वडीलधाऱ्यांच्या वयाला पोहोचले आहेत आणि त्यांच्या जागी नव्या वयोगटातील तरुण माग काढत आहेत. वस्तीत निर्णय घेण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांकडे असतो. सिंहाला नाव देणारी पिढी त्या बैठकीत बसू लागली, हा या संस्थेने दोन दशकांत घडवलेला सर्वांत टिकाऊ बदल आहे.